आई 'वंगाळ' म्हणाली तेव्हा

त्या मंगळवारी माझी आई वरकुट्याहून सकाळच्या एसटीनं एकटीच बारामतीला आली आणि तिच्या हातात काहीही नव्हतं. एरवी ती माझ्याकडं यायची ती लादूनच. मेथीच्या जुड्या, हुलग्याचं पीठ, शेवग्याच्या शेंगा, काही नसेल तर निदान चार कणसं. त्या दिवशी पदर खोचलेला, हात रिकामे. दारातच म्हणाली, "बाय, दवाखान्यात जाऊ."

मी शाळेला निघाले होते. बारामतीतल्या एका शाळेत मी गेली बावीस वर्षं मराठी शिकवते. आई सत्तरीच्या पुढची, गावी धाकट्या भावाकडं राहते. भावाचा ऊस त्या आठवड्यात तुटायला आला होता, घरातली सगळी माणसं फडात होती. कुणाला काही न सांगता ही उठून आली होती. ओळखीतल्या कुणीतरी तिला बसमध्ये बसवलं, एवढंच नंतर कळलं.

मी शाळेत फोन केला, दोन तास उशिरा येते म्हणून सांगितलं आणि तिला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया बसल्या होत्या. त्यांनी उठून नमस्कार केला, जागा दिली. तपासणीची खोली उघडीच होती, आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. हे सांगते आहे, कारण पुढं मी जे केलं त्याला दुसरं कारण नव्हतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. शहरात वाढलेली, बोलायला गोड. तिनं विचारलं, "आजी, काय होतंय तुम्हाला?"

आई म्हणाली, "वंगाळ हाय."

"म्हणजे?"

"वंगाळ हाय. प्वाट."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी हसून म्हणाले, "बरं वाटत नाहीये तिला. पोटात दुखतंय."

"आजी, दहापैकी किती दुखतंय सांगाल? एक म्हणजे अगदी थोडं, दहा म्हणजे सहनच होत नाही."

आई म्हणाली, "आकडा काय सांगू? वंगाळ हाय म्हनलं की."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी हसलं. कदाचित आपसात कशाला तरी हसल्या असतील, पण माझे कान तापले. मराठीच्या बाईची आई हे असं बोलते, हे मनात आलं आणि मी घाईनं म्हणाले, "चार-पाच धरा."

डॉक्टरनं कागदावर चार लिहिलं. आईला टेबलावर झोपवून पोट दाबून पाहिलं. आई ओरडली नाही की विव्हळली नाही. तिनं टेबलाची कड धरून ठेवली होती, ते मात्र मला दिसलं. ताप फारसा नव्हता. पित्ताच्या आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. "त्रास वाढला तर लगेच या, नाहीतर दोन दिवसांनी दाखवा," असं सांगून डॉक्टरनं पुढचा पेशंट बोलावला.

घरी आणून मी तिला पेज दिली. तिनं दोन घोट घेतले आणि भांडं बाजूला सरकवलं. "तू जा शाळंला," म्हणाली. मी गेले.

दुपारी मधल्या सुट्टीनंतर माझा मोकळा तास होता. शिक्षकांच्या खोलीत बसून सातवीच्या निबंधांच्या वह्या तपासत होते. विषय होता, मला आठवणारा एक दिवस. काटेवाडीकडून येणाऱ्या एका मुलीनं आपल्या म्हशीबद्दल लिहिलं होतं. म्हैस विताना मेली. शेवटी वाक्य होतं, 'आमची म्हैस गेली तवा घरात लय वंगाळ झालं, आज्जी जेवली नाही.'

लाल पेन आपोआप खाली गेलं. 'वंगाळ' या शब्दावर मी आडवी रेघ मारली आणि वर 'वाईट' लिहिलं. बावीस वर्षं हेच करत आले होते. शेकडो वह्यांतून हा शब्द मी असाच काढून टाकला असेल. मग वाक्य पुन्हा वाचलं. 'घरात लय वाईट झालं, आज्जी जेवली नाही.' वाक्य शुद्ध झालं होतं, पण म्हातारी का जेवली नाही ते आता कळेना. वाईट तर भाजीसुद्धा होते.

आणि तिथं, वही पुढ्यात असताना, मला आठवलं की माझी आई हा शब्द वापरत नाही. गावातल्या बाकीच्या बाया ऊठसूट वापरतात. पाऊस वंगाळ, रस्ता वंगाळ, सून वंगाळ. आई नाही. ताप आला की ती म्हणते, "बरं न्हाय." मळमळलं की, "कसंतरी हुतंय." एकदा खुरपताना तिला इंगळी चावली, हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा ती म्हणाली होती, "जरा भगभगतंय." तिच्या तोंडून वंगाळ मी त्या सकाळच्या आधी दोनदाच ऐकलं होतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. आमच्या घरात तेव्हा मेंढरं होती. उन्हाळ्यात वडील कळप घेऊन डाळजकडं, धरणाच्या पाण्याच्या कडेला जायचे आणि आम्हीही बरोबर असायचो. रानात वाघूर लावलेली, म्हणजे मेंढरांभोवती जाळ्याचं कुंपण, शेजारी आमचं राहायचं पाल. एका सकाळी आई वाघुरीतून बाहेर आली. वडील दोर वळत बसले होते. आई म्हणाली, "वंगाळ झालं." एवढंच. वडिलांनी हातातला दोर टाकला आणि धावले. रोग शिरला होता. आठवड्याभरात निम्म्याहून जास्त कळप गेला. उरलेली मेंढरं वडिलांनी एका पावण्याच्या हवाली केली आणि आम्ही वरकुट्याला परतलो ते कायमचे. त्यानंतर वडील शेतीच करत राहिले. मी शाळेत गेले, तिथं 'आय'ला 'आई' म्हणायला शिकले, आणि बाकीचंही बरंच शिकले.

दुसऱ्यांदा ऐकलं ते फोनवर. वडील बांधावर बसल्या बसल्या गेले, त्या दिवशी. आईला फोन लावता येत नव्हता, शेजाऱ्यानं लावून दिला. ती म्हणाली, "वंगाळ झालं. ये." काय झालं, हे मी विचारलं नाही. कळलं होतं.

आणि आज सकाळी तोच शब्द तिनं माझ्यासमोर तीनदा उच्चारला होता आणि मी त्याचं चार केलं होतं.

मुख्याध्यापकांना "आईकडं जाते" एवढं सांगून मी निघाले. घरी आले तर आई पलंगावर नव्हती. स्वयंपाकघरात फरशीवर कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. तिनं डोळे उघडले.

"आय, कसं हाय गं?" मी विचारलं. किती वर्षांनी मी तिच्याशी तिच्या बोलीत बोलले ते मला सांगता येणार नाही. ठरवून बोलले नाही, तेच आलं.

"म्या सांगितलं न्हवं सकाळी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

पुन्हा रिक्षा, पुन्हा तोच दवाखाना. दुपारची वेळ, बाहेरची तपासणी बंद झालेली. खिडकीतला माणूस म्हणाला, "सकाळीच दाखवलंय की तुमी. गोळीचा गुण यायला टाइम लागतो. पाचला या."

मी म्हणाले, "पाचला नाही. आत्ता."

"मॅडम, डॉक्टर जेवतायत."

"मग त्यांना जेवणावरून उठवा. त्यांनी हिला तपासल्याशिवाय मी इथून हलणार नाही." आईला मी बाकावर आडवं केलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि त्या माणसाकडं बघत राहिले. मी आवाज चढवला नाही. वर्गात साठ मुलं गप्प करायची असतात तेव्हा मी जशी बघते, तशी बघत होते. तो उठून आत गेला.

डॉक्टर आली. मी तिला बोलू दिलं नाही. म्हणाले, "सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चार मी म्हणाले होते, ती नाही. तिनं जो शब्द वापरला तो तिनं आयुष्यात दोनदाच वापरलेला मला माहीत आहे. एकदा कळप मेला तेव्हा आणि एकदा नवरा गेला तेव्हा. आता तुम्हीच सांगा, दहापैकी किती?"

तिनं खाली बसून आईच्या पोटाच्या उजव्या बाजूला हलकेच हात ठेवला, दाबला आणि एकदम सोडला. या वेळी आईच्या तोंडून आवाज निघाला. डॉक्टरनं मान वळवून हाक मारली, "सोनोग्राफीला न्या. लगेच."

अपेंडिक्स फुटलं होतं. पोटात पू पसरायला सुरुवात झाली होती. वयस्कर माणसांत हे असंच लपून राहतं, ताप उशिरा चढतो, पोट म्हणावं तसं कडक होत नाही, असं सर्जननं मला समजावून सांगितलं आणि सहीसाठी कागद पुढं केला. मी सही केली. भाऊ फडातून तसाच, उसाच्या पाचटानं खरवडलेल्या हातांनी, मोटारसायकलवर आला. दिवेलागणीपर्यंत ऑपरेशन आटोपलं. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," सर्जन म्हणाले. मी विचारलं नाही की किती उशीर.

आई नऊ दिवस दवाखान्यात होती. पहिले तीन दिवस वाईट गेले. वाईटच म्हणते, वंगाळ नाही. चौथ्या दिवशी तिनं चहा मागितला आणि चहात साखर कमी आहे म्हणून नर्सला ऐकवलं. मग मी जरा सैल झाले.

त्या दिवशी डॉक्टर तपासायला आली तेव्हा खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "मॅडम, वंगाळ म्हणजे नेमकं काय? मला सकाळीच कुणी सांगितलं असतं तर."

"सकाळी सांगायला मीच होते," मी म्हणाले. "मला लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

ती म्हणाली, "पोट दाबून सोडताना दुखतं का, ते मीही सकाळी बघायला हवं होतं." दोघींनीही आपापला वाटा उचलला आणि तो विषय तिथं संपला. पण तिचा प्रश्न उरला. वंगाळ म्हणजे नेमकं काय? मी मराठीची शिक्षिका आणि मला सांगता येईना.

मग मी ते शोधायचंच ठरवलं. शाळेच्या ग्रंथालयात दोन जुने शब्दकोश होते. एकात अर्थ होता, वाईट, आणि पुढं 'ग्राम्य' असा शिक्का. दुसऱ्याचं नेमकं ते पान फाटलेलं होतं. त्या रविवारी, भाऊ आईजवळ थांबला तेव्हा, मी इंदापूरला गेले. मला संस्कृत शिकवणारे सर तिथं राहतात. ऐंशी ओलांडली आहे, दिसायला कमी झालंय, पण शब्द विचारला की ताठ बसतात.

त्यांनी मलाच विचारलं, "तुझ्या गावी ओझ्याला काय म्हणतात?"

"वझं."

"ओढ्याला?"

"वढा."

"ओसरीला?"

"वसरी." आणि मी थांबले. "सर, म्हणजे ओंगळ?"

"ओंगळ. ओंगळ आला अमंगळवरून, असं मानतात. तुमच्याकडं शब्दाच्या सुरुवातीला ओ आला की त्याचा व होतो. ओंगळ, वंगळ, वंगाळ. मी शपथेवर सांगणार नाही हां. कुणी व्यंगाकडंही बोट दाखवेल. शब्दांचे जन्मदाखले नसतात. पण मला विचारशील तर अमंगळच."

परतीच्या बसमध्ये मी त्यावरच विचार करत होते. ओंगळ शिकलेल्यांच्या तोंडी गेला आणि त्याचा अर्थ झाला घाणेरडा, किळसवाणा. वंगाळ आमच्याकडं राहिला. बायका रस्त्याला आणि सुनेला लावून तो झिजवतात खऱ्या, पण त्याच्या पोटात अजून अमंगळ शाबूत आहे. घरावर अशुभ आलं आहे, असं सांगणारा शब्द. आणि मी त्याला अशुद्ध समजून खोडत होते.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "सरांनी सांगितलं ते आसंल. पर आमी का म्हनायचो सांगू? कळपात रोग आला तर त्येचं नाव घेत न्हाईत. नाव घेतलं की हाक मारल्यावानी त्ये आजून आत येतं. म्हनून वंगाळ म्हनायचं. ऐकनाऱ्याला कळतंय काय त्ये."

"आणि ऐकणाऱ्याला नाही कळलं तर?"

ती माझ्याकडं बघून हसली. टाक्यांमुळं हसताना पोट धरलं. "मंग दुपारी कळतंय," म्हणाली.

शाळेत रुजू झाल्यावर मी सातवीच्या वर्गात ती वही घेऊन गेले. त्या मुलीला उभं केलं, ती घाबरली. मी सांगितलं, "तुझा शब्द बरोबर होता. माझी रेघ चुकली." आणि तिच्यासमोर रेघेखाली 'वंगाळ' पुन्हा लिहून दिला. मुलं आधी हसली, मग हसायची थांबली. एकानं विचारलं, "बाई, मग परीक्षेत चालेल का?" मी म्हणाले, माझ्या परीक्षेत चालेल. बाकीच्यांशी मी बोलेन. ते बोलणं अजून चालू आहे, सगळ्यांना पटलेलं नाही.

पण माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. दवाखान्यात त्या नऊ दिवसांत मी आजूबाजूच्या खाटांवरचं बोलणं ऐकत होते. एक म्हातारी छातीला हात लावून "हितं उमाळं येत्यात" म्हणत होती. ती रडू येतंय म्हणते, असं नर्स समजली होती; म्हातारी छातीत उसळून येणारं दुखणं सांगत होती. दुसरा माणूस सांगत होता, "पायात चमक मारतीया." ठणका वेगळा, कळ वेगळी, शिणक वेगळी. कळ येते आणि जाते, ठणका बसून राहतो, शिणक हललं की उठते. माणसं नेमकं सांगत होती. ऐकणाऱ्याच्या हातात फक्त एक ते दहा होते.

मी एक कागद केला. डाव्या बाजूला बोलीतला शब्द, उजव्या बाजूला त्याचा नीट अर्थ आणि कुठलं दुखणं असू शकतं ते, डॉक्टरला विचारून. पहिला शब्द वंगाळ. त्यापुढं लिहिलं, 'हा शब्द माणूस नेहमी वापरतो का, ते घरच्यांना विचारा. क्वचित वापरत असेल तर ताबडतोब तपासा.' असे चौतीस शब्द झाले. तो कागद नर्सांच्या खोलीत लावावा म्हणून मी दवाखान्याच्या व्यवस्थापकांकडं गेले. त्यांनी वरवर पाहिला. म्हणाले, "मॅडम, छान छंद आहे. पण भिंतीवर असलं काही लावत नाही आम्ही." पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. ते बैठकीत होते. तिसऱ्या वेळी मी आईलाच बरोबर नेलं, टाके दाखवायला आली होती तेव्हा. ती त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लावा की कागूद. तुमच्या भित्तीला काय दुकतंय व्हय?"

शेजारी उभी असलेली डॉक्टर हसू आवरत म्हणाली, "सर, मला हवाय तो." कागद लागला.

आई गावी गेली. भावानं जड काम करू नको म्हणून बजावलं आहे, ती ऐकते आहे असं तो सांगतो. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर दवाखान्यात जाते. बाहेरच्या बाकावर बसते आणि तिथल्या बायकांना विचारते, तुमच्याकडं याला काय म्हणतात. आधी त्या संशयानं बघतात. मग एकीनं सांगितलं की दुसरीला राहवत नाही. आता शब्द शंभराच्या वर गेले आहेत, कागदाची चार पानं झाली आहेत, आणि नव्यानं आलेल्या दोन नर्सा ती वहीत उतरवून घेतात.

गेल्या शनिवारी एका बाईला मी 'तिडीक'चा अर्थ वाचून दाखवला, डोक्यात एकदम उठणारी कळ. ती मान हलवायला लागली.

"न्हाय ओ बाई. डोस्क्यातली तिडीक येगळी आन् दाताची येगळी. दाताची पार कानात जातीया. तुमी एकच लिव्हलीया."

मी पेन काढलं आणि तिला म्हणाले, "सांगा. दोन्ही सांगा."